‘पंप गेला’ म्हणण्याआधी



गाळप हंगामात फडाच्या कडेला ट्रॅक्टर बंद पडला की ड्रायव्हरचे उत्तर ठरलेले, ‘पंप गेला.’ मग मिस्त्री येईपर्यंत मोळ्या उन्हात वाळतात, टोळी बसून राहते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही वारंवार सांगतो. उशीर झाला की वजन घटते ते शेतकऱ्याचे आणि उतारा घटतो तो सर्वांचा. सबब, ‘ट्रॅक्टर वाहतूकदाराचा, आपल्याला काय त्याचे?’ हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, जुन्या ट्रॅक्टरचा पंप पुष्कळदा आपणहून जात नाही; घाण आणि पाणी त्याला घालवतात. डिझेल पंपातील प्लंजरला वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात पाणी आले की गंज, धूळ आली की ओरखडे आणि रॉकेलची भेसळ असली की वंगण कमी.

तेव्हा पंपाला हात लावण्याआधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. इंजिन चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून बघा. मग नीट चालले, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. नसेल, तर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकीकडच्या नळीत, सांध्यात किंवा वॉशरमधून हवा धरते आहे. डिझेल पाझरल्यासारखे येत असेल, तर जाळी, नळी किंवा फिल्टर चोंदला. हाताने धार येते, पण स्टार्टर मारताना येत नाही, तेव्हा मात्र फीड पंपाकडे वळावे.

काही जुन्या गाड्यांना पडद्याचा पंप असतो. त्याचा पडदा फाटला तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलची पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. मुख्य पंप फडात उघडू नये. त्याचे काम टेस्ट बेंच असलेल्या वर्कशॉपमध्येच होते. चालू इंजिनाच्या नोझल पाइपची गळती बोटाने तर कधीच पाहू नये. ती धार कातडीत शिरते.

प्रतिबंधाला खर्च फार नाही. बॅरल हलवल्यावर डिझेल निवळू द्यावे, तळाचे घेऊ नये, टाकीत गाळूनच ओतावे. थंडीच्या रात्री रिकाम्या टाकीत दव धरते, म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी. फिल्टरच्या तळाचे पाणी नियमाने सोडावे आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तासांना बदलावा. धुऊन पुन्हा घालण्याची काटकसर नको.

वाहतूक करारावेळी आर. सी. बुक आणि विमा बघितला जातो. त्याच वेळी फिल्टर, नळ्या आणि टाकीही तपासावी, अशी आमची सूचना आहे. काही वाहतूकदारांना हा जाच वाटेल. पण फिल्टरचा खर्च एका बुडालेल्या खेपेपेक्षा कमीच येतो. आणि सभासदांनीही तोड सुरू करण्याआधी ड्रायव्हरला एवढे विचारावेच, ‘बाबा, फिल्टर कधी बदललास?’