विश्लेषण : दुपारी दिलेली सौरवीज रात्री परत न देण्याचा विचार का झाला? महावितरणच्या 2025 मधील प्रस्तावाने छतावरील सौर पॅनलवाल्यांचे गणित किती बदलले असते?

इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, नाशिकरोड. नाशिकच्या या भागांत बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या गच्चीवर सौर पॅनल दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ आली आणि तीन किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान मिळू लागले. उरलेल्या रकमेसाठी अनेकांनी कर्ज काढले, ते एका साध्या हिशेबावर : दिवसा जितकी युनिट महावितरणला दिली, तितकी रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा. या वजाबाकीचा नियमच बदलण्याचा प्रस्ताव महावितरणने 2025 च्या सुरुवातीला राज्य वीज नियामक आयोगापुढे ठेवला होता. 2025-26 ते 2029-30 या पाच वर्षांच्या वीजदर याचिकेत तो होता.

सध्या हिशेब कसा होतो?

पॅनल बसवल्यावर घराला नेट मीटर लागतो. तो दोन आकडे मोजतो : महावितरणकडून घेतलेली वीज आणि महावितरणला दिलेली वीज. महिनाअखेरीस दुसरा आकडा पहिल्यातून वजा होतो आणि उरलेल्या युनिटचे बिल येते. वीज दुपारी दिली की संध्याकाळी घेतली, याच्याशी या वजाबाकीला देणेघेणे नसते. दिलेली वीज जास्त असेल तर ती युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक राहते, ती महावितरण आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. हा दर ग्राहक स्वतः मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वजाबाकी वरच्या टप्प्यापासून होते. 2024-25 च्या दरांनुसार पहिल्या 100 युनिटला वहन आकारासह सुमारे 5.90 रुपये, 101 ते 300 युनिटला सुमारे 11.50 रुपये आणि त्यापुढे 500 पर्यंत सुमारे 15.70 रुपये पडत. महिन्याला साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या घराची गच्चीवरची पहिली 50 युनिट त्यामुळे पावणेसोळा रुपयांची असत. ज्याचा वापरच 90 युनिट होता, त्याचे तेच युनिट सहा रुपयांचेही नसे. मोठ्या बिलाच्या घरांत पॅनल आधी का लागले, याचे उत्तर इथे आहे.

प्रस्ताव नेमका काय?

सकाळी 9 ते सायंकाळी 5 हे ‘सौर तास’. या वेळेत छतावर तयार झालेली वीज फक्त याच वेळेतल्या वापरातून वजा करायची. सायंकाळी पाचनंतर आणि रात्री वापरलेल्या विजेचे बिल नेहमीप्रमाणे भरायचे. दिवसाची उरलेली युनिट शिल्लक म्हणून कमी दराने जमा होणार होती. कागदावर नेट मीटरिंग शिल्लक राहते, पण नोकरदार घरात दिवसा दाराला कुलूप असते. टीव्ही, पंखे, एसी, मिक्सर, मोबाइलचे चार्जिंग हे सगळे सुरू होते ते सूर्य मावळल्यावर.

खिशाला किती फटका?

एक नमुना हिशेब पाहू. घराचा वापर महिन्याला 350 युनिट. तीन किलोवॉटचा संच रोज सरासरी 12 युनिट देतो असे धरले, तर महिन्याला 360. त्यातली 100 युनिट दिवसा घरातच वापरली गेली, 260 महावितरणला गेली आणि पाचनंतर 250 परत घेतली. स्थिर आकार, वीज शुल्क आणि इंधन समायोजन यात धरलेले नाही.

पॅनल नसते तर विजेचे बिल सुमारे 3,675 रुपये आले असते. आजच्या नियमाने ते शून्य होते, उलट 10 युनिट शिल्लक राहतात. प्रस्तावित नियमाने रात्रीच्या 250 युनिटचे सुमारे 2,315 रुपये भरावे लागले असते. दिवसाच्या 260 युनिटला तीन रुपये दर मिळाला असे धरले, तर वर्षअखेरीच्या हिशेबात महिन्याचे 780 रुपये परत आले असते. म्हणजे बचत 3,675 वरून साधारण 2,140 रुपयांवर आली असती. संचाची किंमत 1 लाख 80 हजार आणि अनुदानानंतरचा खर्च 1 लाख 2 हजार मानला, तर पैसे सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल होतात. प्रस्तावित नियमाने चार वर्षे लागली असती.

‘पॅनल आता भंगारात घाला’ अशा संदेशांवर विश्वास ठेवण्याची गरज नाही, हेही याच हिशेबातून दिसते. चार वर्षांत पैसे फिटणे वाईट नाही. पण ज्याने शून्य बिल गृहीत धरून कर्जाचा हप्ता ठरवला, त्याच्यासाठी दर महिन्याचे दीड हजार रुपये ही मोठीच रक्कम आहे.

महावितरणची अडचण खरी आहे का?

आहे. दुपारी राज्यात सौरवीज वाढत चालली आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’मधून 16 हजार मेगावॉटचे प्रकल्प उभे राहत आहेत आणि त्यांची वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. दुपारी तीन रुपयांत मिळू शकणारे युनिट छतावरून घ्यायचे आणि रात्री त्याच्या बदल्यात महागडे युनिट द्यायचे, असा हा व्यवहार आहे. अंधार पडल्यावर मागणी चढते, तेव्हा भार पडतो तो एकलहरेसारख्या कोळशावरच्या केंद्रांवर आणि कोयनेच्या पाण्यावर. खांब, तारा, रोहित्रे यांचा खर्चही पॅनलवाल्याचे बिल शून्य झाले म्हणून थांबत नाही. शिवाय वरच्या टप्प्यातले ग्राहक जास्त दर देतात म्हणून खालच्या टप्प्याला वीज स्वस्त मिळते. पॅनल लावून बाहेर पडतात ते हेच ग्राहक.

पण महावितरणचा उपाय दुसऱ्या टोकाचा होता. छतावरचे युनिट शेजारच्याच घरात वापरले जाते. ते लांबच्या वाहिनीवरून येत नाही, त्यामुळे वहनातली गळती वाचते. उन्हाळ्याच्या दुपारी त्या भागातल्या रोहित्रावरचा ताणही कमी होतो. दुपारच्या युनिटच्या बदल्यात रात्री पूर्ण युनिट देणे महागात पडत असेल, तर पाऊण किंवा अर्धे युनिट देता येते. थेट शून्यावर येण्याचे समर्थन याचिकेतल्या अडचणींमधून होत नाही.

असा प्रयत्न आधीही झाला होता?

2019 च्या मसुद्यात घरगुती नेट मीटरिंगला महिन्याला 300 युनिटची मर्यादा घालण्याचा विचार होता. विरोधानंतर तो मागे पडला आणि त्या डिसेंबरमधल्या विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले. जाळ्याच्या खर्चासाठी ‘ग्रिड सपोर्ट’ आकाराची तरतूद झाली, पण राज्यातली छतावरची क्षमता 5,000 मेगावॉट होईपर्यंत तो लावायचा नाही, असे पुढे ठरले. 10 किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना त्यातून सूटही मिळाली. खर्च वाटून घेण्याचा एक मार्ग आयोगाने तेव्हाच आखून ठेवला होता, तो बाजूला ठेवून नवा का काढायचा, हा प्रश्न आयोगाने महावितरणला विचारायला हवा होता.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांच्या जादा विजेचा मोबदला सुमारे 75 टक्के कमी केला. तिथे छतावरच्या नव्या संचांची मागणी कोसळली आणि बॅटरीची वाढली. मात्र आधी पॅनल लावलेल्यांना 20 वर्षांपर्यंत जुन्याच नियमाचे संरक्षण देण्यात आले. सरकारच्याच योजनेवर विसंबून गुंतवणूक केलेल्या घरांना इथे किमान एवढी हमी मिळायला हवी.

ग्राहकाने आता काय पाहावे?

बिलावर दिलेली युनिट, घेतलेली युनिट आणि मागील शिल्लक हे तीन आकडे असतात, ते दर महिन्याला तपासावेत. वॉशिंग मशीन, इस्त्री, टाकीचा पंप ही कामे दुपारी हलवणे आजच्या नियमात बिलाला फारसा फरक पाडत नाही. प्रस्तावित नियमात मात्र फरक पडला असता : वरच्या उदाहरणात 60 युनिट दिवसा वळवली असती, तर महिन्याला निव्वळ पाचशे रुपयांच्या आसपास वाचले असते. सोसायट्यांना हे जास्त सोपे आहे, कारण पाण्याचा पंप कधी चालवायचा हे त्यांच्याच हातात असते.

31 मार्चचाही एक मुद्दा आहे आणि तो प्रस्ताव येण्याआधीपासूनचा आहे. नाशिकच्या थंडीत पंखे बंद, एसी बंद आणि आकाश निरभ्र असते. नोव्हेंबरपासून शिल्लक साठत जाते आणि कूलर सुरू होण्याच्या तोंडावर, 31 मार्चला, ती कमी दराने निकाली निघते. एप्रिल-मेमध्ये खाते पुन्हा शून्यावरून सुरू होते. हिशेबाचे वर्ष जूनमध्ये संपवले, तर थंडीतली ही युनिट त्याच घराला उन्हाळ्यात वापरता येतील. ग्राहकांनी आयोगाकडे ही मागणीही करायला हरकत नाही.