पोलिसाचं पिस्तूल, पैसेवाल्याचं रिव्हॉल्व्हर आणि आपल्या पोराचा कट्टा



जयंतीच्या आठ दिवस आधी आमच्या वस्तीतल्या एका पोराने मोबाइलवर स्टेटस ठेवला. गळ्यात निळा रुमाल, मागे बाबासाहेबांचा फोटो आणि कमरेला गावठी कट्टा. खाली ओळ : 'आता मार खाणार नाही.' मी त्याला बाजूला घेऊन विचारले, तर म्हणाला, "दादा, पोलिसांकडे असतो तसाच आहे."

तसाच नाही. या एका गैरसमजापायी आपली पोरे जळगाव-धुळ्याच्या तुरुंगात जात आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

या देशात हातातले हत्यार तीन प्रकारचे आहे. पहिले पोलिसाचे. इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनणारे ९ मिमी पिस्तूल, ब्राउनिंगच्या घडणीचे, एका मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. कर्तव्यावरच्या पोलिसाला त्यासाठी परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ ने तशी सूट दिली आहे.

दुसरे परवानाधारक नागरिकाचे. त्याला ९ मिमी मिळत नाही, .३८ आणि .४५५ ही मिळत नाही. ते बोअर सरकारने स्वतःसाठी राखून ठेवले. नागरिकाला .३२ चे, म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्यातले सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये याच कारखान्याने खास महिलांसाठी 'निर्भीक' काढले. तेव्हा किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती! कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी हे कुठून आणायचे? म्हणजे नागरिकाचे हत्यार हे प्रत्यक्षात पैसेवाल्या नागरिकाचे हत्यार आहे.

तिसरा कट्टा. चोपडा-शिरपूरच्या वर, सातपुड्यात मध्य प्रदेशच्या हद्दीतले उमर्टी गाव यासाठी बदनाम आहे. तिथले शिकलगार पिढीजात हत्यार घडवणारे. त्यांची कला कायद्याने गुन्हा ठरली आणि दुसरा रोजगार कुणी दिला नाही. कट्टा घडवणारा गरीब, पकडला जाणारा गरीब. मधला दलाल आणि वाळूवाला मात्र सुखरूप. कट्ट्याला ना नंबर, ना कागद, ना नळीची खात्री. शत्रूआधी चालवणाऱ्याचाच हात जायचा!

म्हणून मित्रांनो, खरा फरक बोअरचा नाही. पोलिसाच्या पिस्तुलामागे राज्यसत्ता उभी असते, रिव्हॉल्व्हरमागे पैसा उभा असतो आणि कट्ट्यामागे फक्त तुरुंग उभा असतो.

कुणी म्हणेल, मग मार खायचा का? आपल्या हातातले हत्यार कुणी काढले, हा प्रश्न रास्तच आहे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. त्याआधी १८१८ ला कोरेगावात लढलेल्या महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद केली. खानदेशातल्या भिल्लांना मोडायला याच धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. हत्यार कुणाच्या हाती असावे, हे कायम वरच्यांनीच ठरवले.

पण घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये शस्त्र बाळगण्याचा मूलभूत अधिकार मागणारी दुरुस्ती आली, तेव्हा बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. ज्यांच्यापासून समाजाला धोका आहे त्यांनाही हा हक्क बिनशर्त द्यायचा का, असा त्यांचा रोख होता. त्यांना ठाऊक होते, प्रत्येकाला बंदूक म्हटले की आधी ती गावच्या दांडग्याच्या हाती जाते. जामनेर तालुक्यातल्या वाकडीत २०१८ मध्ये विहिरीत पोहल्याबद्दल मातंग मुलांना नागडे करून मारले. तिथे पिस्तूल नव्हते, साधा पट्टा पुरला. जातीच्या जोरावर पट्टा चालवणाऱ्याच्या हाती परवान्याचे रिव्हॉल्व्हर असते तर?

आता आपण वाचतच नाही तो कायदा. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५, नियम ३. अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केलेल्या भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. शस्त्र अधिनियमाचे कलम १४ सांगते, केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारले तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील आहे.

तुमच्या तालुक्यात हा नियम ३ कधी वापरल्याचे ऐकले आहे?

पोलिसाच्या पिस्तुलालाही जाब विचारता येतो, पण तो कागदानेच. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जीव गेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. १२ वर्षे लोक साक्षीला उभे राहिले, म्हणून तिथवर पोचले. आपल्या धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. तेव्हा आपण किती जण त्यांच्यासोबत उभे होतो, हेही एकदा स्वतःला विचारू या.

त्या पोराने स्टेटस काढला. कट्टा कुठे गेला, ते मी विचारले नाही. वस्तीत परत दिसला तर आधी तुझ्या आईला सांगेन, एवढे बजावले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. जिल्ह्यात शस्त्र परवाने किती, त्यातले अनुसूचित जाती-जमातींचे किती, नियम ३ खाली रद्द किती, दिले किती. चार प्रश्न आणि दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प.

असा अर्ज प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे. पोरांनो, कमरेचा कट्टा काढा, खिशाला पेन लावा.

जय भीम, जय संविधान!