वानराची कवटी आणि जमा-नावे

चौथे तीर्थंकर श्री अभिनंदननाथ यांचे लांछन वानर. त्यांच्या जन्मभूमीच्या, म्हणजे अयोध्येच्या, यात्रेस गेलेल्या श्रावक-श्राविकांनी तेथील गच्च्यांवर तांबड्या तोंडाची माकडे पाहिलेली असतात. शास्त्रज्ञ या जातीस ऱ्हिसस म्हणतात. कळप जरा निरखून पाहिला तर कोणाचे तोंड लांबट, कोणाचे आखूड, कोणाच्या भुवयांचा कंगोरा जाड असे भेद ध्यानी येतात. हे भेद सुटे असतात, की एक बदलला की दुसराही बदलतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास भारतातूनच परदेशी गेलेली माकडे उपयोगी पडली. १९३८ साली क्लॅरेन्स रे कार्पेंटर या अमेरिकन संशोधकाने भारतातून सुमारे ४०० ऱ्हिसस माकडे समुद्रमार्गे नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहानशा बेटावर सोडली. १९५६ पासून तेथे प्रत्येक जन्माची नोंद होऊ लागली; पिलाची आई कोण, हेही लिहिले जाऊ लागले. बेटावर मृत झालेल्या माकडांचे सांगाडे क्रमांकासह जपून ठेवण्यात आले. हाडे पुष्कळ ठिकाणी मिळतात. परंतु ज्यांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांची खतावणी आहे, अशी हाडे दुर्मीळच.

जेम्स चेव्हरूड या शास्त्रज्ञाने या कवट्यांची अनेक मापे घेऊन १९८२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माय-लेकरांचे नाते ठाऊक असल्यामुळे मापांतील कोणते साहचर्य वारशाने येते आणि कोणते परिस्थितीमुळे घडते, याची फोड त्यांना करता आली. ज्या भागांचे कार्य एक आणि वाढही एकत्र, त्या भागांची मापे परस्परांशी अधिक घट्ट निगडित असतात, असे दिसून आले.

याचे कारण वाढीच्या क्रमात आहे. मेंदू लवकर वाढतो, म्हणून त्याला सामावणारी कवटीची पेटीही लवकर पूर्णत्वास येते. चेहरा मात्र दीर्घकाळ वाढत राहतो. पक्के दात येतात, चावण्याचे स्नायू बळावतात, तसतसा जबडा पुढे सरकतो. नराच्या मोठ्या सुळ्यांच्या मुळांना जागा हवी, म्हणून त्याचे तोंड मादीपेक्षा अधिक भरदार होते. एका पेढीची दोन दुकाने असावीत, त्यांचा व्यवहार बव्हंशी स्वतंत्र असावा, परंतु गोदाम सामाईक असावे, तसे मेंदूची पेटी आणि चेहरा यांचे आहे. कवटीचा तळ हे त्यांचे सामाईक गोदाम. म्हणून एका दुकानातील उलाढालीचा परिणाम दुसऱ्यावर थोडा तरी होतोच.

यातून महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. निसर्गाला एखादे हाड सुटे काढून बदलता येत नाही. देह मोठा होऊ लागला, तर त्याबरोबर तोंडही लांबते. ते लांबण्यात काही लाभ असो वा नसो. गाब्रिएल मारोइग यांनी चेव्हरूड यांच्यासह दक्षिण व मध्य अमेरिकेतील माकडांच्या अनेक वंशांची तुलना करून २००१ साली दाखविले, की त्यांचे आकार व आहार भिन्न झाले, तरी मापांच्या साहचर्याची घडण बरीचशी सारखीच राहिली. म्हणून एखाद्या प्राण्याचे लांब तोंड पाहून ‘हे अमुक अन्नासाठीच घडले’ असा निवाडा देणे घाईचे ठरते. कीर्दीतील एक रक्कम पाहून कोणी पेढीचा नफा सांगत नाही. वस्तूला अनेक अंगे असतात आणि एका अंगावरून पूर्णाचा निर्णय करू नये, ही अनेकान्ताची दृष्टी येथेही उपयोगी पडते.

जमेची बाजू अशी असली, तरी नावेची बाजूही लिहिली पाहिजे. हे ज्ञान मृत प्राण्यांच्या अस्थी मोजून मिळाले, त्या मोजणीसाठी नव्याने कोणाचा जीव घ्यावा लागला नाही, हे खरे. परंतु मुळात शेकडो मुक्या जीवांना पकडून, पिंजऱ्यात घालून सातासमुद्रापार नेण्यात आले होते. पुढेही अनेक वर्षे भारतातून माकडांची मोठी निर्यात चालू राहिली. निर्यातीच्या अटी मोडून परदेशात अण्वस्त्रांशी संबंधित चाचण्यांत त्यांचा वापर होत असल्याचे उघड झाले, तेव्हा मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७८ साली ही निर्यात बंद करण्यात आली. त्या व्यापारातही कोणाचा तरी नफा होताच. तो सोडण्यात आला.

जपून ठेवलेली नोंदवही आणि धीराने केलेले मापन यांतून किती सूक्ष्म ज्ञान हाती येते, हे त्या बेटावरील कवट्या दाखवितात. ते ज्ञान मिळविताना जिवंत प्राण्याला किती क्लेश झाले, हा आकडा मात्र ताळेबंदातून वगळता येणार नाही. अयोध्येच्या गच्चीवरील वानर पुन्हा दृष्टीस पडेल, तेव्हा त्याच्या चेहऱ्याच्या सुरेख जुळणीबरोबर हा आकडाही आठवावा.