केळं, पट्टा की बायपास?

मंडळी, २०२४ च्या मे महिन्यात मी मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर चक्क झोपलो. गाडी चालवता चालवता. शेजारी बायको, मागच्या सीटवर पाच वर्षांची लेक. बायको किंचाळली, तिने स्टीअरिंग ओढलं आणि पुढच्या ट्रकला जेमतेम हुलकावणी देऊन गाडी लेनमध्ये परत आली. पुढच्या फूड मॉलवर थांबलो. कुणीच काही बोलत नव्हतं. अशा वेळी माणसाने काय करावं? मी दोन वडापाव मागवले.

बायकोने वडापावकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आजपासून गाडी मी चालवणार. आणि तू डॉक्टरकडे जाणार."

डॉक्टरांनी अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं. निकाल असा की झोपेत तासाला चाळीसच्या वर वेळा माझा श्वास अडकत होता. घोरणं हा लग्नाघरातला विनोद नसून त्यामागे स्लीप अ‍ॅप्निया नावाचा आजार असू शकतो, हे असं कळलं. बाकी बायोडेटा: वय ३४, उंची पाच फूट आठ इंच, वजन १२४ किलो, बीएमआय ४१, तीन वर्षांचा डायबिटीस आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची कायमची स्ट्रिप. ही स्ट्रिप लक्षात ठेवा. पुढे तीच हिरॉईन आहे.

"जरा डाएट कर, चालायला जा" असं म्हणायला तुमचे ओठ शिवशिवत असतील. केलं होतं, बॉस. दिवसातून दोनदाच जेवायचं डाएट केलं, दर दोन तासांनी खायचंही केलं. दोन जिमना वर्षाची फी दान केली. एकदा १४ किलो उतरवले आणि दहा महिन्यांत १७ चढवले. शेवटी डॉक्टरांनीच विषय काढला. म्हणाले, इतकं वजन झालं की शरीर स्वतःच ते राखायला बघतं. तुम्ही कमी खाल्लं की भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून वापरतं. हा तुमच्या इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनला भेटा.

ही बातमी फुटायला दोन दिवस लागले. त्यानंतर माझं पोट ही सार्वजनिक मालमत्ता झाली. एका मावशीने "म्हणजे चरबी ओढून काढतात ना?" असं विचारलं. नाही हो मावशी, ते लायपोसक्शन. ते शरीराचा आकार सुधारण्यासाठी असतं, लठ्ठपणाचा इलाज म्हणून नव्हे. इथे काम होतं ते जठरावर आणि आतड्यावर, बहुतेक वेळा दुर्बिणीतून. आणि प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी 'करून घेतलेलं' असतंच. माझ्याकडे तीन नमुने जमले.

नमुना पहिला: पट्टा. न्यूजर्सीतल्या चुलतभावाने २००९ मध्ये लॅप बँड बसवून घेतला होता. अमेरिकेत या बँडला २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढची काही वर्षं त्याचा जोरदार बोलबाला होता. फंडा साधा. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बांधायचा. कातडीखाली एक छोटं बटण असतं, त्यातून सलाइन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. काही कापायचं नाही, हवं तेव्हा काढता येतो. ऐकायला झक्कास. पण भूक तिथेच राहते, फक्त दार अरुंद होतं. चुलतभावाला घास अडकायचा, उलट्या व्हायच्या आणि आइस्क्रीम मात्र सुळकन खाली उतरायचं. पुढे पट्टा सरकला आणि दुसरं ऑपरेशन करून काढावा लागला. असं बऱ्याच जणांचं झालं, म्हणून पट्टा आता जवळपास मागे पडलाय. तो फोनवर एवढंच म्हणाला, "अरे, मी सोपं काय ते निवडलं. मला काय लागतंय ते कुणाला विचारलंच नाही."

नमुना दुसरा: केळं. आमच्या टीममधला एकजण दोन वर्षांत ३५ किलो उतरवून बसलाय. स्लीव्ह. "डोळे झाकून हेच कर" हा त्याचा सल्ला. यात जठराचा सुमारे पाऊण हिस्सा स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. कापलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मोठ्या प्रमाणात बनतं. तो भागच गेल्याने नुसतं पोट लहान होत नाही, भूकही कमी होते. आतड्याला हात लावत नाहीत, ऑपरेशन बायपासपेक्षा सुटसुटीत. म्हणूनच आज जगात सगळ्यात जास्त होतं ते हेच.

गंमत म्हणजे स्लीव्ह आधी पूर्ण उपचार नव्हताच. प्रचंड वजनाच्या पेशंटला मोठं ऑपरेशन एकदम झेपत नाही, म्हणून ही पहिली पायरी करायचे. मग लक्षात आलं की अनेकांचं काम पहिल्या पायरीवरच भागतंय. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला विमानाने मुंबईत आणलं होतं, आठवतंय? तिच्यावरही मार्चमध्ये स्लीव्हच केली होती. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचं निधन झालं.)

पण केळ्याचे दोन तोटे आहेत. एक, कापलेलं जठर परत मिळत नाही. दोन, अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत येऊ शकतं. स्ट्रिप आठवली ना?

नमुना तिसरा: बायपास. मामीच्या सोसायटीतल्या एका काकूंचा. ही यातली जुनी मंडळी. अमेरिकेतल्या आयोवामध्ये एडवर्ड मेसन या सर्जनने १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे अर्ध्या कटिंगएवढी पिशवी करतात आणि लहान आतडं खालून वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्याला वळसा घालून जातं. अन्न आतड्यात लवकर पोचलं की जीएलपी-१ सारखी हार्मोन्स जास्त सुटतात. त्यामुळे भूक आटोक्यात येते आणि कित्येकांची साखर वजन उतरायच्या आधीच सुधारू लागते. अ‍ॅसिडिटीवरही हा उत्तम तोडगा, कारण पिशवी छोटी आणि आम्ल अगदी कमी.

किंमतही आहे. जोड दोन, त्यामुळे काम किचकट. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं आणि रक्त नियमित तपासायचं. सिगारेट आणि मनाने घेतलेल्या पेनकिलर बंद, नाहीतर जोडाशी अल्सर होतो. गोड जास्त खाल्लं की डम्पिंग, म्हणजे घाम, धडधड, पोटात गोळा. दारू पटकन चढते, तेव्हा पार्टीवाल्यांनी नोंद घ्यावी. पुढे कधी आतडं आतल्या आत अडकण्याचाही धोका असतो.

याचा धाकटा भाऊ मिनी बायपास. अमेरिकेतल्याच रॉबर्ट रटलेज या सर्जनने १९९७ पासून केलेला. यात जोड एकच, वेळ कमी, वजन छान उतरतं, आपल्याकडे बराच होतो. पण पित्त उलटं वर येऊ शकतं आणि पोषणाची कमतरता जास्त जाणवू शकते. ज्यांचं प्रोटीन वरण-भातापुरतंच आहे त्यांनी हे आधी नीट विचारून घ्यावं.

तर अशी तीन घराणी. मी टीममेटच्या शब्दावर भरवसा ठेवून सर्जनसमोर बसलो आणि ऐटीत म्हणालो, "स्लीव्ह करायचंय." मोबाइल रिचार्ज करायला गेल्यासारखं. ते हसले. "तुम्ही ठरवूनच आलात? बरं. अ‍ॅसिडिटी होते का?"

होते म्हटलं. किती? रोज. रात्री उशी उंच घ्यावी लागते? लागते. एन्डोस्कोपी झाली. अन्ननलिका सुजलेली आणि जठराचा थोडा भाग पडद्यातून वर सरकलेला, म्हणजे हायाटस हर्निया. सर्जन म्हणाले, "तुमच्या मित्राला स्लीव्ह उत्तम बसली असेल. तुम्हाला केली तर वजन उतरेल, पण त्या गोळ्या सुटतील याची खात्री नाही, उलट वाढतील. वर डायबिटीस आहे. मी बायपास सुचवेन. घाई नाही, घरी विचार करा."

घरी मी आकडे चाळले. फिनलंडमध्ये २४० पेशंटमध्ये स्लीव्ह आणि बायपासची तुलना केली आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासलं. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं सुमारे ४४ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५१. फार मोठा फरक नाही. पण अन्ननलिकेला सूज? स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७. ब्रिटनमधल्या तिहेरी तुलनेचे निकाल माझ्या ऑपरेशननंतर, २०२५ मध्ये आले. तीन वर्षांनी जादा वजनापैकी निम्मं तरी उतरवणारे शंभरात किती? बायपासचे ६८, स्लीव्हचे ४१, पट्ट्याचे २५.

मग सगळ्यांनी बायपासच करावा का? अजिबात नाही. ज्याला अ‍ॅसिडिटी नाही, ज्याला दुसऱ्या आजारासाठी पेनकिलर घ्याव्याच लागतात, ज्याच्या पोटावर आधी मोठी ऑपरेशनं झालीत, त्याचं गणित वेगळं. आपण दुसऱ्याच्या मापाची पँट घालत नाही, मग ऑपरेशन दुसऱ्याच्या मापाचं कशाला? कुठलं ऑपरेशन भारी, हा प्रश्नच चुकीचा. माझ्या पोटाला, माझ्या आजारांना आणि माझ्या सवयींना कुठलं झेपेल, हा खरा प्रश्न.

इंजेक्शनचं काय, हे विचारणारच तुम्ही. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आली, माझं सगळं त्याआधी उरकलं. चाचण्यांमध्ये सव्वा-दीड वर्षात वेगोव्हीने सरासरी १५ टक्के आणि मौंजारोच्या मोठ्या डोसने २१ टक्के वजन उतरलं. कमाल आहे. पण थांबवलं की बरंचसं परत येतं. सर्जन म्हणतात, बीएमआय कमी असेल तर आधी त्यांचा विचार जरूर करा, आणि ऑपरेशननंतर वजन परत चढू लागलं तरी त्यांचा उपयोग होतो. म्हणजे भांडण नाही, जोडी आहे.

थोडं व्यवहाराचं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार ३५ बीएमआयपासून ऑपरेशन सुचवता येतं, डायबिटीससारखा आजार असेल तर ३० पासूनही विचार होतो आणि आपल्या आशियाई शरीरांसाठी आकडे आणखी खाली. पण आरोग्य विम्याची नेहमीची अट जुनीच आहे. वय १८ च्या वर, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू डायबिटीस, शिवाय बाकी उपाय करून झालेले. पॉलिसी वाचा, एचआरला छळा, मंजुरी आधीच लेखी घ्या. अनुभवी ठिकाणी जिवाचा धोका हजारात एखाद-दुसरा, पण स्टेपल गळणं, रक्तस्राव, गुठळी हे होऊ शकतं. सर्जनला विचारा: तुम्ही हे ऑपरेशन वर्षाला किती करता? मलाच हे का? काही बिघडलं तर पुढचा पर्याय काय? पाच वर्षांनी माझा फॉलोअप कोण घेणार? आणि पुढे बाळाचा विचार असलेल्या मैत्रिणींनो, ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही आधीच बोलून घ्या.

सप्टेंबरमध्ये माझं ऑपरेशन झालं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, तेही घोटघोट. जेवताना पाणी प्यायचं नाही हे शिकायला महिना गेला. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, मग परत आले. दिवाळीत अर्ध्या गुलाबजामने असा इंगा दाखवला की पुढची मिठाई मी नुसती वाटली. पोटाची कातडी लोंबते, त्याबद्दल कुठल्याच 'आधी-नंतर' फोटोत बोलत नाहीत. गोळ्यांचा डबा आता टूथब्रशशेजारी असतो, कायमचा. वजन दीड वर्षात १२४ चं ८७. डायबिटीसची गोळी सध्या बंद, तपासणी चालू. अ‍ॅसिडिटीची स्ट्रिप ड्रॉवरमधून गेली, तिथे आता भाजके चणे. श्वासाची तपासणी पुन्हा केली, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. बायकोने त्यानंतर दोन महिन्यांनी दिली.

परवा त्याच रस्त्याने मुंबईला गेलो. किल्ली माझ्याकडे. त्याच फूड मॉलवर थांबलो, तिघांत एक वडापाव घेतला. मी चतकोर खाल्ला, चावून चावून. उरलेला लेकीने संपवला आणि तोंड पुसता पुसता म्हणाली, "बाबा, तू हल्ली रात्री वाघाचा आवाज का काढत नाहीस?"

वाघ गेला म्हटलं, बेटा. बाबा आहे.