गाडी दिसते, वेग दिसतोच असे नाही

मुलांना रस्ता ओलांडताना आपण बजावतो, ‘नीट बघून जा.’ गाडी दिसली की तिचा वेगही दिसतो, असे आपण धरून चालतो. दृष्टीचे विज्ञान मात्र वेगळे सांगते.

डोळ्याच्या पडद्यावरची एकेक प्रकाशग्राही पेशी आपल्यापुरत्या ठिपक्यातला उजेड टिपते. गती तिला कळत नाही. शेजारच्या दोन ठिपक्यांवर उजेड किती अंतराने बदलला, याची तुलना झाल्यावरच गती उमगते. बार्लो आणि लेविक यांनी १९६५ मध्ये सशाच्या डोळ्याच्या पडद्यात ठरावीक दिशेच्या हालचालीलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशींमागची यंत्रणा उलगडली. माणसात हे काम मुख्यतः मेंदू करतो. त्याच्या मागच्या बाजूला ‘व्ही-५’ नावाचा भाग खास त्यासाठीच राबतो.

हा भाग निकामी झाला तर काय होते, हे म्युनिकमधल्या एका रुग्ण स्त्रीमुळे समजले. योझेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. तिला रंग ओळखता येत, वस्तू ओळखता येत. पण कपात ओतलेला चहा गोठल्यासारखा दिसे आणि तो काठोकाठ कधी आला ते कळत नसे. लांबची मोटार एकदम जवळ आलेली दिसे.

आपला मेंदू धडधाकट असला तरी त्यालाही मर्यादा आहे. समोरून सरळ येणारी गाडी बाजूला सरकत नाही. तिची प्रतिमा फक्त मोठी होत जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी पोहोचायला पाच सेकंद असतात तेव्हा ती सुमारे ४२ मीटरवर असते. ताशी ६०ची गाडी ८३ मीटरवर. म्हणजे दुप्पट वेगाची गाडी त्या क्षणी निम्मी दिसते आणि निम्म्याच गतीने मोठी होताना दिसते. जी अधिक घातक, तीच कमी जाणवते. जॉन वान आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या ब्रिटिश अभ्यासानुसार, ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी जवळ येते आहे, हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही.

तेव्हा अपघातानंतर ‘मुलाने पाहिलेच नाही’ असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. शाळेसमोर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आतच राहील अशी रस्त्याची बांधणी करणे, गतिरोधक आणि उंच पादचारी पट्टे देणे, ही पालिकेची जबाबदारी आहे. वेग आवरणे ही चालकाची. मुलाच्या डोळ्यांना जे पेलत नाही, त्याचा भार मोठ्यांनीच उचलायला हवा.