चित्रातील माणसास सावली असावी

मुलांच्या निसर्गचित्रांच्या वह्या चाळीत असता एकच देखावा पुनःपुन्हा दृष्टीस पडतो: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, नदी, झोपडी, आणि सर्व रंगवून झाल्यावर उरल्या जागेत उभा केलेला काडीसारखा माणूस. सूर्य त्याच्या पाठीशी, तरी तोंड लख्ख उजळलेले! सावली तर नाहीच. राजूरच्या शिवारातील काळी जमीन, कपाशी व मक्याची ताटे कोणाच्याच वहीत नसतात. आमच्या मते हा दोष मुलांचा नव्हे, नमुन्यावरून नक्कल करविण्याच्या रीतीचा होय.

माणूस ही चित्रात शेवटी भरावयाची वस्तू नव्हे. प्रथम उजेड कोठून येतो हे ठरवावे, म्हणजे झाड, बैल व माणूस यांच्या सावल्या आपोआप एकाच बाजूस पडतात. वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतात जाऊन पाहावे. बाईची सावली लांबच लांब पडलेली असते. ती काळी नसून निळसर दिसते, कारण तिजवर आकाशाचा उजेड असतो. ओटीतील पांढऱ्या कापसाचा उजेड तिच्या हनुवटीखाली उठतो. काळ्या रंगाची वडी त्या दिवशी घरीच ठेवावी हे बरे. सपाट जमिनीवर उभे राहिले असता आपल्याएवढ्या उंचीच्या माणसांची डोकी, जवळची असोत वा दूरची, क्षितिजाच्या रेषेवरच येतात. दूरच्याचे पाय मात्र वर सरकतात. एवढे ध्यानी धरिले म्हणजे माणूस अधांतरी तरंगत नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात एके दुपारी येथे सूर्य अगदी माथ्यावर येतो व सावली पायांखालीच लपते. पण तेव्हा शाळेस सुटी!

कोणी म्हणेल, अजिंठ्यास जमिनीवर सावल्या कोठे आहेत? नाहीत, हे खरे. पाचव्या शतकातील त्या चित्रकारांनी रंगाच्या उतरत्या छटांनी अंगास गोलाई आणिली. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहावा. ती त्यांची जाणून धरिलेली रीत होती. आमची मुले सावली विसरतात, ही गोष्ट निराळी. उलट अबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतल्यावर रंकाळा व कोटितीर्थ हीच घरची स्थळे पुनःपुन्हा रंगविली.

पालकांचे म्हणणे, चित्रकलेने पोट भरत नाही. इंटरमिजिएट परीक्षेच्या वाढीव गुणांपुरता वर्ग, मग रंगपेटी माळ्यावर. आम्ही एवढेच मागतो की एका रविवारी, उपासनेनंतर का होईना, मुलास वही देऊन शेताच्या बांधावर बसवावे. वेचणारी पुष्कळदा त्याचीच आई असते. तिला थांबवू नये, तिची मजुरी वजनावर असते. चालत्या कामातच दोन-चार रेघांत तिची वाकलेली पाठ टिपावी, आणि सावली त्याच वेळी.