एका संगणकावर दोन आवृत्त्या : चालते, पण कागद हवा

भिवंडी, मालेगाव, सोलापूरच्या कापड धंद्यात डिझाइनचे काम आता बहुतेक संगणकावरच होते. ग्राफ कागदावर चौकोन भरणारे जुने कारागीर फार थोडे उरले. त्यामुळे व्यापाऱ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. नवे सॉफ्टवेअर घेतले की जुने काढून टाकावे लागते काय? दोन्ही एकाच संगणकावर ठेवले तर कायदा मोडतो काय? कोणी म्हणतो, सर्व चालते. कोणी म्हणतो, धाड पडेल. दोघेही अर्धवट माहितीवर बोलतात.

जुनी आवृत्ती ठेवणे हा शौक नाही, धंद्याची गरज आहे. कोरलड्रॉच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. छपाईवाल्याकडे जुनी आवृत्ती असेल तर फाइल त्याच्या आवृत्तीत उतरवून द्यावी लागते, आणि उतरवताना काही बदल झाला का हे जुन्यातच उघडून पाहावे लागते. जकार्डची काही जुनी सॉफ्टवेअर डाँगलशिवाय चालत नाहीत आणि नव्या विंडोजवर तर मुळीच चालत नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या साडीच्या काठाची पुन्हा मागणी आली तर व्यापाऱ्याने काय करावे?

कायद्याची बाजू पाहू. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातील कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हे कलम प्रतीच्या बेकायदेशीरपणाबद्दल आहे. आवृत्त्या किती, हे ते मोजत नाही. कलम ५२ तर कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा देते. म्हणजे सर्व प्रश्न करारनाम्याचा आहे.

करारनाम्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, दोन्ही आवृत्त्या पूर्ण किमतीत, कायमच्या परवान्यावर घेतलेल्या. त्या एका संगणकावर ठेवण्यास सहसा हरकत नसते. दुसरा, जुनीवर सवलत घेऊन केलेले अपग्रेड. येथे जुने व नवे मिळून बहुधा एकच परवाना धरला जातो. अनेक करार दोन्ही त्याच संगणकावर ठेवू देतात, पण जुनी दुसऱ्या संगणकावर घालण्यास किंवा विकण्यास मनाई करतात. आपले लोक नेमके येथेच घसरतात. नवी पेढीवर, जुनी कारखान्यात भाच्याच्या संगणकावर! तिसरा, भाड्याने घेतलेले सॉफ्टवेअर. अ‍ॅडोबने २०१३ मध्ये जाहीर केले की सीएस-६ नंतर नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. मे २०१९ मध्ये त्याच कंपनीने ग्राहकांना कळवले की क्रिएटिव्ह क्लाउडच्या काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना आता राहिला नाही. वर्गणी भरणाऱ्याच्या हाती मालकी नसते, हे त्या दिवशी अनेकांना कळले.

नव्या संगणकाच्या पोटात जुने विंडोज चालवून जुने डिझाइन सॉफ्टवेअर वापरता येते. मात्र त्या जुन्या विंडोजचाही स्वतंत्र परवाना लागतो, हे विसरू नये.

माझे मत स्पष्ट आहे. पाच-दहा माग चालवणाऱ्यास दरमहा भाडे लादणे अन्यायाचे आहे. आपल्या संघटनांनी कायमच्या परवान्याची मागणी एकत्रितपणे करावी. पण कंपनीचा अन्याय हे चोरीचे कारण होऊ शकत नाही. “सगळेच क्रॅक वापरतात” हा जबाब आखिरतमध्ये तर नाहीच, कोर्टातही चालणार नाही. आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन व शोधाचे हक्क शरियतप्रमाणे संरक्षित ठरवले आहेत. आणि शेजाऱ्याने आपला बुट्टा उचलला की आपणच २००० च्या डिझाइन कायद्याची भाषा करतो. आपल्या बुट्ट्याला हक्क, आणि दुसऱ्याच्या मेहनतीला नाही?

ज्यांना किंमत परवडत नाही त्यांच्यासाठी गिंप आणि इंकस्केप आहेत. दोन्ही मोफत आणि कायदेशीर, आवृत्त्या कितीही ठेवा. शिकायला वेळ लागेल, पण मुलांना ते शिकवावे.

बाकीच्यांनी एवढे करावे. प्रत्येक सॉफ्टवेअरचे बिल, परवाना क्रमांक, करारनामा आणि सीडी एका फाइलीत ठेवा. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, ते वहीत लिहा. अपग्रेड घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा की जुनी चालू ठेवता येईल काय, आणि उत्तर जपून ठेवा. सुताच्या गाठीचा हिशोब आपण पैशापर्यंत ठेवतो. तसाच हिशोब याचाही ठेवला तर कोणाच्या धाडीची भीती बाळगण्याचे कारण नाही.